मॉनिटरला लागलेली उचकी

आमच्या सांगोल्याच्या शाळेची घंटा मला तोंडानं वाजवता यायची. एकदा इतकी चांगली जमली की सातवीचे दोन वर्ग दहा मिनिटं आधी दप्तरं उचलून घरी गेले. हेडसरांनी मला ऑफिसात उभं केलं आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून विचारलं, "हे आवाज काढून पोट भरणार आहेस का रे तू?" त्यांचा तो आवाजही मला हुबेहूब येतो, पण तेव्हा काढला नाही. आता सांगायला हरकत नाही सर. पोट नाही भरलं, पण एक मॉनिटर मिळाला.

मी अ‍ॅमस्टरडॅमपासून तासाभरावर, डेल्फ्टला मास्टर्स करतोय. इथं क्रिंगलूप नावाची दुकानं असतात. लोक घरातलं नकोसं झालेलं सामान आणून देतात आणि दुकानवाले ते पुन्हा विकतात. माझ्या खोलीतली खुर्ची, दिवा, पडदे, सगळं तिथलंच. एका शनिवारी पोळ्यांसाठी तवा बघायला गेलो, आणि तव्यांच्या मागं, चीज वितळवायच्या भांड्यांच्या गर्दीत तो बसलेला दिसला. बदामी रंगाचा, जाडजूड, काळ्या बटणांचा कॉम्प्युटर. वरच्या ओळीत लाल बटणं. तवा तिथंच राहिला.

तो कॉम्प्युटर मी जन्मात कधी पाहिला नव्हता, पण ओळखत मात्र होतो. पप्पा जेवताना टेबलावर बोटांनी वाजवून दाखवायचे तो हाच. ते शाळेत असताना त्यांच्या शाळेला एका योजनेतून असा कॉम्प्युटर आला होता. ट्रकमधून दोन खोकी उतरली, एकात कॉम्प्युटर, दुसऱ्यात मॉनिटर. दुसरं खोकं वाटेत कुठंतरी आपटलं होतं. उघडलं तर आत काचांचा चुरा. बदली मॉनिटर मागवला, तो अजून येतोय.

त्यांच्या सरांनी हार मानली नाही. फळ्यावर खडूनं एक चौकोन काढला आणि म्हणाले, हा स्क्रीन. पोरांनी आलेखाच्या वहीत चित्र काढायचं, त्याचे आकडे मांडून प्रोग्रॅम लिहायचा, आणि कॉम्प्युटरवर आंधळ्यासारखा टाइप करायचा. शेवटच्या ओळीत बीप वाजवायची सूचना. बीप वाजला म्हणजे प्रोग्रॅम न अडखळता शेवटपर्यंत पोचला, म्हणजे पास. पप्पांनी घर काढलं होतं. उजवीकडं झाड, वर सूर्य. बीप वाजला. दहापैकी दहा मिळाले. ती वही अजून आमच्या कपाटात, रेशनकार्डाच्या फायलीत आहे.

पण ते घर कुणी बघितलंच नाही. त्यांनीसुद्धा नाही. चाळीस वर्षं झाली, आणि घरी पाहुणे आले की पप्पा हा किस्सा सांगतात. शेवटी मी बीप काढतो आणि मम्मी आतून ओरडते, "झालं तुमचं घर सुरू."

आणि पप्पा दोन महिन्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडं येणार होते. फक्त दहा दिवस. मी तिथंच दुकानात ठरवून टाकलं, हा माणूस परत विमानात बसायच्या आधी त्याला त्याचं घर दाखवायचं. फोनवर म्हणलं, "पप्पा, येताना ती आलेखाची वही आणा."

"कशाला?"

"प्रोफेसरांना दाखवायचीय."

पप्पा इतके खूश झाले की मला थोडं वाईटच वाटलं.

कॉम्प्युटर खोलीवर आणून लावला. चालू केल्याकेल्या दोन सुरांत 'बूऽऽ-बीप' म्हणाला. अंगावर काटा आला. मग माझ्या नव्याकोऱ्या सपाट स्क्रीनला जोडला, तर स्क्रीन म्हणतो, सिग्नल नाही. एक कन्व्हर्टर मागवला, दुसरा मागवला. चित्र आलं ते पाण्यात भिजलेल्या पेपरासारखं. नंतर वाचत गेलो तेव्हा भानगड कळली. हा जुना गडी सेकंदाला साधारण साडेपंधरा हजार रेघा मारतो, आणि आजच्या स्क्रीनना इतकं हळू बोललेलं ऐकूच येत नाही. त्याच्या वेगानं चालणारा त्याच्याच काळातला मॉनिटर पाहिजे. मागं मोठं टेंगूळ असलेला, काचेच्या नळीचा.

मग मी महिनाभर जुन्या वस्तूंच्या वेबसाइटवर बसून होतो. लेक्चरला मागच्या बाकावर तेच. एकानं उत्तर दिलं, कालच खेमेंटेच्या कचरा केंद्रात टाकून आलो. खेमेंटे म्हणजे इथली नगरपालिका. एका बाईंकडचा मॉनिटर फोटोत झकास होता, सायकल मारत पार हेगला गेलो, तर त्याच्या आतलं सगळं काढून त्यांनी त्यात मांजर ठेवलेलं. मांजरानं माझ्याकडं बघितलं. मी त्याला म्हणलं, बस बाबा.

शेवटी फेल्डहोवनची एक जाहिरात दिसली. डचमध्ये चार ओळी होत्या. मॉनिटर, चालू, जुन्या होम कॉम्प्युटरसाठी. फुकट. येऊन न्यायचा. आधी बोलायचं.

फेल्डहोवन म्हणजे चिप बनवायच्या मशिनींचं गाव. आपली निम्मी पुणेरी इंजिनिअर मंडळी तिथं राहतात. डेल्फ्टहून आइंडहोवनपर्यंत ट्रेन, पुढं बस. दार उघडलं ते एका उंच, सडपातळ आजोबांनी. आयुष्यभर टीव्ही आणि मॉनिटर दुरुस्त केलेले. मी त्यांना तोंडावर मेनेर म्हणायचो, म्हणजे साहेब, आणि मनात आजोबा. आम्ही बोलायचो इंग्रजीत, पण त्यांचं इंग्रजी ऐकताना वाटायचं की प्रत्येक वाक्याला ते आधी उंची मोजून आत घेतात.

कॉफी दिली. बिस्किटांचा डबा उघडला, मी एक घेतलं, डबा बंद. मग मागच्या शेडमध्ये नेलं. तिथं भिंतीला लागून आठ-नऊ मॉनिटर नीट ओळीत, तपासणीला उभे केल्यासारखे. आजोबा पुढच्या महिन्याअखेर छोट्या फ्लॅटमध्ये जाणार होते, म्हणून एकेक देऊन टाकत होते.

"तुला कशाला पाहिजे?"

मी पप्पांची सगळी गोष्ट सांगितली. घर, झाड, बीप. बीप करूनही दाखवला. ते हसले नाहीत. म्हणाले, "हा आवाज बरोबर आहे. परत कर."

परत केला. मग त्यांनी कोपऱ्यातल्या एका मॉनिटरचं बटण दाबलं आणि माझ्याकडं बघत राहिले. "काय ऐकू येतं?"

आधी 'ठक्'. मग 'झुंऽऽम' असं भरून येऊन विरून गेलं. मग काचेवर केस उभे राहिल्यासारखं 'चर्रर्र'. आणि या सगळ्याच्या वर एक शिट्टी, इतकी बारीक की कानात सुई धरल्यासारखी. पहिले तीन आवाज मी तोंडानं काढून दाखवले. शिट्टीपाशी थांबलो. म्हणलं, "ही काढता येत नाही. पण आहे. एकसारखी. आत्ता जराशी थरथरली."

आजोबा स्टुलावर बसले. म्हणाले, "ती शिट्टी म्हणजे मॉनिटरचा श्वास. मला ती ऐकू यायची बंद झाल्याला बरीच वर्षं झाली. म्हाताऱ्या कानांना ती मिळत नाही." मग मला त्या आठ-नऊ मॉनिटरपुढून फिरवलं. एकेक चालू करायचे आणि मी सांगायचं, शिट्टी आहे, नाही, आहे पण तुटकी आहे. तासभर मी डॉक्टर आणि ते कंपाउंडर. लेका, काय मजा आली म्हणून सांगू. शाळेत ज्याच्यासाठी छडी खाल्ली त्याच्यासाठी इथं दुसरं बिस्किट मिळालं.

मॉनिटर देताना त्यांनी बोटांवर मोजत बजावलं. "याच्या डोक्यावर काही ठेवायचं नाही. याला मारायचं नाही. तुम्ही लोक टीव्हीला मारता, मला माहितीये, आम्हीपण मारायचो. मागचं झाकण उघडायचं नाही, बंद असला तरी आत साठलेली वीज माणसाला फेकून देते. आणि कधीही, कधीही याला उलटा-पालटा करायचा नाही. काही झालं तर फोन कर आणि मला आवाज काढून दाखव."

परतीच्या ट्रेनमध्ये मॉनिटर सोलापुरी चादरीत गुंडाळून मांडीवर घेतला होता. तिकीट तपासायला आलेल्या बाईंनी आधी चादरीकडं बघून आवाज हळू केला. मी चादर जरा बाजूला केली. त्या आत डोकावल्या आणि म्हणाल्या, "बाबांवर गेलाय."

पुढचे सगळे दिवस मी शिस्तीत होतो. आठवड्यातून एकदा तासभर चालू करायचा, म्हणजे आतले भाग झोपून जात नाहीत. धूळ मऊ ब्रशनं. काच नुसत्या ओल्या फडक्यानं. बंद केल्यावर चादर.

पप्पा आले. मला सरप्राइज द्यायचं होतं, त्यामुळं कॉम्प्युटर आणि मॉनिटर दोन्ही कोपऱ्यात चादरीखाली, आणि नियमांबद्दल मी एक अक्षर बोललो नाही. इथंच माती खाल्ली. आठ दिवस त्यांना अ‍ॅमस्टरडॅम, कालवे, पवनचक्क्या दाखवल्या. त्यांना सगळ्यात आवडली ती माझ्या विद्यापीठातली झेरॉक्स मशीन. पप्पांचं सांगोल्यात झेरॉक्स सेंटर आहे. रोज सकाळी दुकान उघडलं की आधी मशिनीला हळदीकुंकू, उदबत्ती, मग मेन स्विच. पेपर अडकला तर बाजूनं एक थाप. त्या थापेचा त्यांना गावात मान आहे.

ठरलं होतं शनिवारी दाखवायचं. रविवारी दुपारी त्यांचं विमान. शनिवारी मी दूध आणायला खाली गेलो आणि परत आलो तर खोलीत उदबत्तीचा वास. चादर घडी करून ठेवलेली. मॉनिटरच्या कपाळाला हळदीकुंकू. आणि डोक्यावर, बरोब्बर मधोमध, गणपती.

"काय लपवतोस रे माझ्यापासून?" पप्पा खुशीत होते. "कीबोर्ड बघितल्या बघितल्या ओळखला मी. म्हणलं, चालू करायच्या आधी पूजा करून घ्यावी."

"आणि गणपती कुठला?"

"तुझ्या गाडीसाठी आणलेला. डॅशबोर्डवर बसवायचा. तुझ्याकडं गाडीच नाही, मग म्हणलं इथं बसू दे. लय पॉवरफुल लोहचुंबक आहे खाली, खड्ड्यात पण हलत नाही."

मी देवाला उचललं आणि बटण दाबलं. चित्र आलं, पण वरच्या अर्ध्या भागात जांभळा-हिरवा डाग. ओल्या रस्त्यावर पेट्रोल सांडतं तसा. काचेच्या मागं एक पातळ पत्र्याची जाळी असते, चुंबक जवळ आलं की तीही चुंबक होते आणि रंग वाट चुकतात.

"थांब, जाम झालंय," पप्पा म्हणाले, आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांनी मॉनिटरला ती सांगोल्यातली प्रसिद्ध थाप दिली.

चित्र गेलं. शिट्टी गेली. आतून नुसतं 'टिक्... टिक्... टिक्' सुरू झालं.

पप्पांनी हात मागं घेतला. पलंगावर बसले आणि आलेखाची वही मांडीवर ठेवून तिच्यावरून हात फिरवत राहिले. मला कळलं की त्यांना सगळं कळलंय, वही कशाला मागवली, चादर कशाला होती. आणि मॉनिटर दुसऱ्यांदा फुटला होता, यावेळी त्यांच्या हातानं.

मी आजोबांना फोन लावला. मॉनिटरजवळ फोन धरला तर म्हणे नीट ऐकू येत नाही. मग मी तोंडानं, "टिक्... टिक्... टिक्."

"वेग कमी-जास्त होतोय?"

"टिक्... टिक्... टिक्. नाही. सारखाच."

"शिट्टी?"

"नाही."

"त्याला उचकी लागलीये," आजोबा म्हणाले. "आत कुठंतरी सोल्डरचा टाका सुटलाय. चालू व्हायला जातो, जमत नाही, परत जातो. बंद कर. कुणी मारलं?"

मी पप्पांकडं बघितलं. "मांजरानं."

"मोठं दिसतंय मांजर. घेऊन ये दोघांनाही."

पप्पांनी विचारलं काय म्हणाले. म्हणलं, मॉनिटरला उचकी लागलीये. पप्पा म्हणाले, "कोणीतरी आठवण काढत असेल." मग चादर उचलत म्हणाले, "मीच असेन. चाळीस वर्षं काढतोय."

ट्रेनमध्ये आमची वरात. माझ्या मांडीवर मॉनिटर, पप्पांच्या मांडीवर कॉम्प्युटर. गणपती चार हात लांब, समोरच्या सीटवर, पप्पांच्या रुमालात.

आजोबांची शेड आता जवळजवळ रिकामी होती. त्यांनी पप्पांशी हात मिळवला, मॉनिटरच्या कपाळावरचं हळदीकुंकू बघितलं, बोट लावून वास घेतला, आणि मला म्हणाले, "हे विजेसाठी धोक्याचं नाही. चुंबक धोक्याचं आहे. मांजर तर फारच." पप्पांना इंग्रजी समजतं, बोलायला लाजतात. मान खाली घालून म्हणाले, "सॉरी सर." आजोबांनी त्यांच्यासमोर बिस्किटांचा डबा धरला. उघडाच ठेवला.

झाकण आजोबांनी स्वतः काढलं. आतली वीज एका लांब दांडीनं जमिनीत उतरवली, तेव्हा 'फट्' असा आवाज झाला आणि पप्पा मागं सरकून मला आडवे आले, लहानपणी रस्ता ओलांडताना यायचे तसे. मग आजोबांनी भिंगातून बघत तो सुटलेला टाका दाखवला. तांदळाच्या दाण्याएवढा, भोवती केसासारखी चीर. सोल्डरिंगची दांडी हातात घेतली, पण हात थरथरत होता. एकदा प्रयत्न केला, थांबले. पप्पांनी माझ्याकडं बघितलं आणि मराठीत म्हणाले, "विचार, मी देऊ का? मशिनीचे बोर्ड मीच करतो दुकानात."

मी विचारलं. आजोबांनी पप्पांचे हात उलटे-सुलटे करून बघितले, जणू तेही आत घ्यायच्या आधी मोजायचे होते. मग दांडी त्यांच्या हातात दिली. पप्पांनी श्वास धरला, टाका दिला, फुंकर मारली. आजोबा भिंगातून बघून डचमध्ये काहीतरी पुटपुटले. मी भाषांतर करायला तोंड उघडलं तर पप्पा म्हणाले, "राहू दे, कळलं. बरा आलाय म्हणतात."

झाकण बसलं. बटण दाबलं. 'ठक्'. 'झुंऽऽम'. दोघंही मॉनिटरकडं नाही, माझ्याकडं बघत होते. मी हात वर करून थांबवलं. एक क्षण, दोन क्षण, आणि मग ती सुई कानात शिरली.

"शिट्टी आली," मी म्हणलं. चित्र त्यानंतर आलं.

जांभळा डाग होताच. आजोबांनी भिंतीवरून चुंबकाची बाधा उतरवायचं तारेचं एक मोठं कडं काढलं, पाटाएवढं, त्याला वायर. ते चालू करून त्यांनी काचेसमोर गोल गोल फिरवायला सुरुवात केली. हळूहळू, गोल गोल, आणि मग तसंच फिरवत एकेक पाऊल मागं. डाग पाण्यात रंग विरघळावा तसा फिका होत गेला. मी शेजारी बघितलं. पप्पांनी चप्पल काढून हात जोडले होते. "ओवाळतायत की रे," ते हळूच म्हणाले. मी आजोबांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी थांबून स्पष्टीकरण दिलं असतं.

मग पप्पा कॉम्प्युटरसमोर बसले. वही उघडली. एका बोटानं टाइप करायला लागले, प्रत्येक ओळीला आधी वहीवर पट्टी सरकवून. आम्ही दोघं मागं उभे. आजोबांनी मध्ये एकदाही सुचवलं नाही, आणि ते डच आहेत, म्हणजे त्यांना केवढं जड गेलं असेल बघा. शेवटची ओळ झाली. पप्पांनी 'रन' टाइप केलं आणि बटण दाबायच्या आधी शर्टाची कॉलर नीट केली.

रेघा धावल्या. बीप वाजला.

घर आलं. उलटं.

छप्पर खाली, दार वर, सूर्य तळाला, आणि झाड डोक्यावर उभं. वहीतले चौकोन पप्पांनी वरून खाली मोजले होते, कॉम्प्युटर खालून वर मोजतो. फळ्यावरच्या खडूच्या स्क्रीनला हे सांगायला कोण होतं.

"उलटं आहे," आजोबा म्हणाले.

"कळलं," पप्पा इंग्रजीत म्हणाले. मग मराठीत मला, "हा देश समुद्राच्या खाली आहे ना रे? त्यानं असेल."

मी इतका हसलो की खाली बसलो. पप्पांनी लगेच खिशातून पेन काढलं, उंचीचा प्रत्येक आकडा स्क्रीनच्या पूर्ण उंचीतून, हजार चोवीसमधून, वजा करायचा, सगळ्या ओळी परत टाइप करायच्या. आजोबांनी त्यांच्या वहीवर हात ठेवला.

"नाही. हा प्रोग्रॅम बरोबर आहे. त्याला दहापैकी दहा आहेत. बदलायचा नाही."

त्यांनी कॉम्प्युटर चालूच ठेवला आणि मॉनिटर तेवढा बंद केला. माझी सोलापुरी चादर टेबलावर पसरली, चारपदरी घडी घातली. मग मला एका बाजूनं धरायला लावलं, पप्पांना दुसऱ्या, आणि ज्याला कधीही, कधीही उलटा-पालटा करायचा नाही त्या मॉनिटरला आम्ही तिघांनी मिळून डोक्यावर उभं केलं.

"मेनेर, तुमचा नियम," मी म्हणलं.

"मला आठवतोय. बटण दाब."

ठक्. झुंऽऽम. मी बोट वर केलं. शिट्टी.

घर सरळ उभं होतं. पांढऱ्या भिंती, तांबडं छप्पर, वर पिवळा सूर्य. खालच्या कोपऱ्यात कर्सर उलटा लुकलुकत होता, त्याचं त्यालाच माहीत. पप्पा स्क्रीनच्या इतके जवळ गेले की काचेवर त्यांच्या श्वासाचा ढग आला. बराच वेळ गेला. मी पहिल्यांदाच कुठला आवाज काढला नाही.

"झाड उजवीकडं होतं," शेवटी पप्पा म्हणाले. "हे डावीकडं आलंय."

मी भाषांतर केलं. आजोबा म्हणाले, "सावली तिकडंही पडते."

फोटो काढून मम्मीला पाठवला. तिचा लगेच व्हॉइस मेसेज आला, "घर छान आहे, पण टीव्ही उलटा का ठेवलाय?" निघताना पप्पांनी गणपती आजोबांना दिला. आजोबांनी तो दोन्ही हातांनी, अंगापासून लांब धरून, शेडपासून पार दूर स्वयंपाकघरात नेला आणि फ्रिजवर बसवला.

परतीच्या ट्रेनमध्ये मॉनिटर माझ्या मांडीवर, सरळ. पप्पांनी वही उघडून सरांच्या लाल शाईतल्या त्या दहाकडं बघितलं, पेन काढलं, दहा खोडले आणि शेजारी नऊ लिहिले.

"एक कशाचा कापला?" मी विचारलं.

"झाडाचा," पप्पा म्हणाले आणि वही पिशवीत ठेवली.